नऊ रुपयांचा फरक

बँकेत ज्यांनी हाताने लेजरं लिहिली आहेत त्यांना हे सांगावं लागणार नाही, पण इतरांसाठी सांगतो. बॅलन्स घेताना लाखाचा फरक आला तर जुना कारकून घाबरत नसे. लाखाचा फरक कुठेतरी ठसठशीत बसलेला असतो. एखादं व्हाउचर पोस्ट व्हायचं राहिलेलं असतं, नाहीतर जमेची रक्कम नावे पडलेली असते. चहा येईपर्यंत सापडतो. झोप उडवतो तो नऊ रुपयांचा फरक. एक तर तो कुठेही दडू शकतो, आणि शिवाय नऊ हा आकडा बँकेत मोठा फसवा. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला की आकड्यांची अदलाबदल झाली, ५४ च्या जागी कोणीतरी ४५ लिहिले, असं समजायचं, हा आम्हाला नोकरीच्या पहिल्या महिन्यात मिळालेला गुरुमंत्र. ५४ वजा ४५ नऊ, ८१ वजा १८ त्रेसष्ट, करून पाहा. त्यामुळे नऊचा फरक आला की सगळी शाखा उलटे आकडे शोधायला लागे.

गेल्या दिवाळीत माझा भाचा पुण्याहून आला होता. वीस वर्षं तो प्रोग्रॅम लिहिण्याच्या धंद्यात आहे. फराळाच्या वेळी मी सहज विचारलं, की तुमच्या कामात सर्वांत छळणारी चूक कुठली? मला वाटलं, कुठल्या तरी परदेशी गिऱ्हाइकाची गोष्ट सांगेल. तो म्हणाला, "मामा, स्वतःची चूक कितीही छळो, सापडते. पण एकदा चूक आमच्या प्रोग्रॅममध्ये नव्हतीच. ज्या भाषेत आम्ही प्रोग्रॅम लिहितो त्या भाषेतच होती. आणि तीही सगळ्या यंत्रांवर नाही, काही यंत्रांवरच. माझ्या यंत्रावर सगळं ठीक, शेजारच्याच्या यंत्रावर सगळं बंद."

मी चिवड्याची बशी खाली ठेवली. कारण एका यंत्रावर ठीक आणि दुसऱ्यावर चूक, ही गोष्ट मला १९९१ सालापासून ठाऊक होती, आणि तिचं कारण मात्र आजवर नीट कोणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा मी सांगलीकडच्या एका तालुक्याच्या गावी शाखेत अधिकारी होतो. वय तेहेतीस. बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात १९८३ साली यंत्रांबाबत करार झाला, पुढच्या वर्षी रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि मग हळूहळू शाखाशाखांतून लेजर पोस्टिंग मशीनं येऊ लागली. आमच्याकडे एक आलं आणि वर्षाने दुसरं. दोन्ही दिसायला सारखी. मॅनेजरसाहेबांच्या केबिनला वातानुकूलन नव्हतं, या यंत्रांच्या खोलीला होतं. चपला बाहेर काढून, देवघरात जावं तसं आत जायचं. सुरुवातीचे काही महिने हाताची लेजरं आणि यंत्र दोन्ही बरोबरीने चालवायची आणि ताळा घ्यायचा, असा नियम होता. सेव्हिंग्जची एक ते चार नंबरची लेजरं जुन्या यंत्रावर, पाच ते आठ नव्या यंत्रावर.

पाच ते आठ ज्यांच्याकडे होती त्यांना शाखेत सगळे अण्णा म्हणत. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे. अक्षर मोत्यासारखं नव्हे, पण आकडा मात्र असा, की तीनाचा आठ कधी वाचला जायचा नाही. संघटनेचे जुने कार्यकर्ते. यंत्रांविरुद्धच्या मोर्चात झेंडा घेऊन चाललेले. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवावं, कारण पुढे जे घडलं ते बरंचसं त्यातून घडलं.

जूनअखेरीचं व्याज लावलं. अण्णांनी हाताने काढलेल्या व्याजपत्रकाची बेरीज यंत्राच्या बेरजेपेक्षा नऊ रुपयांनी जास्त. एक ते चारमध्ये पै चा फरक नाही; फरक होता तो अण्णांच्याच लेजरांत. दोन रात्री आम्ही उलटे आकडे शोधले. एकही सापडला नाही. मॅनेजरांनी तिसऱ्या दिवशी निकाल दिला : यंत्र चुकू शकत नाही, माणूस चुकतो, आणि ज्याला यंत्र नकोच होतं तो मुद्दाम चुकतो. विभागीय कार्यालयाची तपासणी तोंडावर आली होती. अण्णांना मेमो द्यायचं ठरलं. मसुदा मी लिहिला. त्या वयात मला माझ्या इंग्रजीचा फार अभिमान. हिशेबात निष्काळजीपणा हा एक आरोप, आणि यंत्राच्या वापराला असहकार हा दुसरा. दुसरा माझ्या लेखणीतून उतरला तेव्हा वाक्य चांगलं जमल्याचं समाधान वाटलं होतं, हे आज लिहिताना लाज वाटते.

अण्णांनी मेमो वाचला, पोचल्याची सही केली, घडी घालून खिशात ठेवला. काही बोलले नाहीत. त्यानंतर आठवडाभर ते संध्याकाळी सातपर्यंत थांबत. मग एका सकाळी माझ्या टेबलावर त्यांनी फुलस्केप कागद ठेवला. त्यावर नऊ खाती. प्रत्येकात एक रुपयाचा फरक. म्हणजे नऊचा एक फरक नव्हताच. एकेकाचे नऊ होते. आणि त्या नऊही खात्यांचं व्याज काहीतरी रुपये आणि बरोबर पन्नास पैसे येत होतं. पन्नास पैसे आणि वर असेल तर पुढचा रुपया धरायचा, हा नियम. अण्णांनी तो धरला होता. यंत्राने सोडला होता.

"पण साहेब," अण्णा म्हणाले, "यंत्राने सगळेच पन्नास पैसे सोडलेले नाहीत. माझ्या लेजरांत बरोबर पन्नास पैशांची एक्केचाळीस खाती आहेत. बत्तीस वर चढवली, नऊ सोडली. माणूस चुकला तर कसाही चुकतो. हे वेडंवाकडं चुकणं नाही. याला काहीतरी नियम आहे." आणि मग त्यांनी जे सुचवलं ते कॉम्प्युटर शिकलेल्या आमच्यापैकी कोणाला सुचलं नव्हतं. पाच नंबरच्या लेजराची फ्लॉपी काढून त्यांनी ती जुन्या यंत्रावर चालवायला लावली. तोच प्रोग्रॅम, तीच खाती, तेच व्याज. फरक नाहीसा झाला.

तीन आठवड्यांनी पुण्याहून इंजिनीअर आला. त्याने दोन्ही यंत्रं उघडली. नव्यात एक जादा चिप बसवलेली होती, नुसती हिशेबासाठी. जुन्यात तिची जागा रिकामी होती, तिथे सगळा हिशेब प्रोग्रॅमच्या जोरावर चाले. इंजिनीअर म्हणाला, नवं यंत्र जास्त अचूक आहे. मी म्हटलं, अहो, जास्त अचूक आहे तर चुकतंय ते का? तो हसला, "राउंडिंग" एवढंच म्हणाला, प्रोग्रॅममध्ये कुठेतरी एक बारीकसा आकडा मिळवून दिला आणि चार वाजताच्या एस.टी.ने परत गेला.

मेमोचं काय? मॅनेजर म्हणाले, साधा मेमोच आहे, चार्जशीट थोडंच आहे, कशाला कागद वाढवायचे? तो मागे घेतल्याचा कागद निघालाच नाही. दोन वर्षांनी अण्णा बढतीच्या मुलाखतीला गेले तेव्हा समोरच्या गृहस्थांनी फाईल उघडून विचारलं, "यंत्राशी असहकार करता म्हणे?" बढती मिळाली नाही. हे मला अण्णांनीच सांगितलं, तक्रारीच्या सुरात नव्हे, हवापाण्याबद्दल सांगावं तसं. पुढे माझी बदली झाली.

आता भाच्याने काय सांगितलं ते.

माझ्या पिढीच्या थोडं आधीच्यांना पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असायची. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. निम्मा करा, त्याचा निम्मा करा, पुन्हा निम्मा करा. सहा वेळा निम्मा केलात की पैसा येतो, काही उरत नाही. कॉम्प्युटर हा या अर्थाने जुन्या पिढीचा माणूस आहे. त्याला पूर्णांकाखाली फक्त निम्मे, पाव, अष्टमांश, सोळांश एवढंच कळतं. १ एप्रिल १९५७ ला आपण दशमान नाणी आणली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि नेमके तेच त्याला कळत नाहीत. एक दशांश हा आकडा निम्म्या-पावांच्या बेरजेत पुरा बसतच नाही. आपल्याला एक तृतीयांश लिहायला सांगितलं की आपण पूर्णांक शून्य दशांश तीन तीन तीन असं लिहीत जातो आणि कुठेतरी थांबतो, तसा तो दहा पैसे लिहिताना कुठेतरी थांबतो. थांबला की कणभर फरक राहतो. माझ्या आजोबांच्या काळात कॉम्प्युटर आले असते तर आण्या-पैशांचा हिशेब त्यांनी चोख केला असता. (पै आड आली असती म्हणा, आण्याच्या बारा पया, आणि बारात तीन आले.)

कुठे थांबायचं हे जो तो यंत्र बनवणारा पूर्वी आपापल्या मर्जीने ठरवी. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात विल्यम कहान नावाचे गणिती होते. त्यांनी या अनागोंदीविरुद्ध कंबर कसली आणि १९८५ साली सर्वांसाठी एक मानक तयार झालं. १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना या कामासाठी मिळाला. इंटेल कंपनीने १९८० साली ८०८७ ही हिशेबाची चिप काढली तिच्या रचनेतही कहान यांचा सल्ला होता. या चिपमध्ये एक उदार सोय ठेवली होती. स्मरणात आकडा ६४ घरांत साठवायचा, पण हिशेब चालू असताना चिपच्या आत तो ८० घरांत धरायचा. हेतू चांगला. मधल्या पायऱ्यांत बारीक चुका साठू नयेत.

पण बँकेतल्या माणसाच्या भाषेत याचा अर्थ काय झाला? कारकून एखादी रक्कम डोक्यात धरतो तेव्हा ती सहा दशांशांपर्यंत धरतो, आणि लेजरात लिहितो तेव्हा दोनच दशांश लिहितो. मग डोक्यातला आकडा आणि लेजरातला आकडा यांचा ताळा घ्यायला बसतो. एकाच माणसाचे दोन्ही आकडे, दोन्ही आपापल्या जागी बरोबर, आणि जुळत मात्र नाहीत. आमच्या नव्या यंत्रात हेच झालं असणार. जुन्या यंत्राची नजर जरा अधू, त्याने एकोणपन्नास पैसे आणि पुढची नवांची रांग पाहिली आणि ती पन्नास धरली. नव्याची नजर तीक्ष्ण, त्याला पन्नासाला केसभर कमी दिसलं, आणि त्याने रुपया सोडला. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ही शक्यता धरलीच नव्हती.

भाच्याची चूक याच घराण्यातली, पण फार पुढच्या काळातली. पीएचपी नावाची एक भाषा आहे. रासमुस लेरडॉर्फ या गृहस्थाने १९९४ च्या सुमारास स्वतःच्या इंटरनेटवरच्या पानासाठी केलेल्या काही साधनांतून ती वाढली आणि बघता बघता जगातल्या असंख्य संकेतस्थळांचा पाया झाली. विकिपीडिया तिच्यावर चालतो, मराठी विकिपीडियासुद्धा. २०१० च्या डिसेंबरअखेर एका अमेरिकन प्रोग्रॅमरच्या लक्षात आलं, की या भाषेला एक विशिष्ट संख्या वाचायला दिली की ती वाचायला बसते आणि उठतच नाही. यंत्राची सगळी शक्ती त्या एका कामात जाते. उत्तर नाही, चूक झाल्याचा निरोप नाही, काही नाही. या माणसाला दशमान संख्या निम्म्या-पावांत नेताना काय काय होतं हे तपासायचा नाद होता. नादिष्ट माणसं जगाला किती उपयोगी पडतात, याची मोजदाद कोणी करत नाही.

ती संख्या अशी : पूर्णांक शून्य, दशांश चिन्ह, मग ३०७ शून्यं आणि मग २२२५०७३८५८५०७२०११. कोणी म्हणेल, इतकी क्षुल्लक संख्या कोणाच्या व्यवहारात येणार? बरोबर आहे. आपसूक येणार नाही. पण संकेतस्थळावरच्या एखाद्या रकान्यात, वय किंवा रक्कम विचारली असेल तिथे, कोणी खोडसाळपणे ती टंकली, आणि मागच्या प्रोग्रॅमने ती संख्या म्हणून वाचायला घेतली, की ते यंत्र अडकून पडे. चार-पाच वेळा टंकली की दुकान बंद.

मग शोध सुरू झाला आणि मला त्यात अण्णा दिसू लागले. पहिली अडचण तीच. अर्धे लोक म्हणत, आमच्याकडे तर व्यवस्थित चालतंय. हळूहळू उमगलं, की ३२ घरांच्या जुन्या पद्धतीच्या यंत्रांवर अडकतं, ६४ घरांच्या नव्यांवर नाही. नवी यंत्रं हिशेबासाठी चिपचा वेगळा भाग वापरत, तिथे डोक्यात आणि लेजरात सारखीच घरं. जुनी यंत्रं त्याच ८० घरांच्या जुन्या भागातून हिशेब करत. पुढे कोणी पाहिलं, की भाषा तयार करतानाच तिला वेगळी सूचना दिली आणि प्रत्येक आकडा लेजरात उतरवायला लावला, तर जुन्या यंत्रावरसुद्धा ती अडकत नाही. एकेक गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या आणि पाहायचं. फ्लॉपी या यंत्रातून काढून त्या यंत्रात घालण्याचाच प्रकार.

संख्या वाचण्याचं मूळ काम करणारा मजकूर बेल प्रयोगशाळेतल्या डेव्हिड गे यांनी १९९० च्या सुमारास लिहिलेला. नामांकित, घासूनपुसून लख्ख केलेला, कितीतरी भाषांनी उचललेला. तो आधी अंदाज करतो, मग मोठ्या पूर्णांकांत काटेकोर ताळा घेतो, फरक निघाला तर अंदाजात तेवढी दुरुस्ती करतो आणि पुन्हा ताळा घेतो. जुळला की थांबतो. ही संख्या यंत्राच्या नेहमीच्या संख्या जिथे संपतात आणि अतिसूक्ष्म संख्यांचा प्रांत सुरू होतो त्या वेशीवरची. वेशीवर डोक्यातला आकडा आणि लेजरातला आकडा यांत एवढं अंतर पडे, की दुरुस्ती केली तरी ताळा जुळेना. पुन्हा दुरुस्ती, पुन्हा ताळा. घाण्याचा बैल. चूक गे यांची म्हणवत नाही, चिपची म्हणवत नाही, मधल्या अनुवादकाचीही म्हणवत नाही. तो अनुवादक म्हणजे माणसाने लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम, आणि त्यातल्या सर्वांत प्रसिद्ध प्रोग्रॅमच्या तक्रारवहीत ३२३ क्रमांकाची एक तक्रार २००० सालापासून नोंदलेली होती, याच विषयाची. ही चूक म्हणायची की नाही यावरच तिथे वर्षानुवर्षं वाद चालला. आमच्या विभागीय कार्यालयाची आठवण झाली.

दुरुस्ती किती मोठी? एका शब्दाची. त्या आकड्यांच्या नोंदीपुढे एक शब्द लिहिला, ज्याचा अर्थ एवढाच, की हा आकडा डोक्यात धरू नकोस, दर वेळी लेजरात लिही आणि दर वेळी लेजरातून वाच. आम्हाला पहिल्या दिवशी हेडकॅशियरांनी सांगितलेला नियम. ३० डिसेंबर २०१० ला तक्रार नोंदली गेली आणि ६ जानेवारी २०११ ला भाषेच्या दुरुस्त आवृत्त्या जगभर उपलब्ध झाल्या. आठ दिवस. बिनपगारी काम करणाऱ्यांचाही त्यात मोठा वाटा. भाचा तेव्हा ज्या कंपनीत होता तिथे त्यांनी रात्रभर बसून ती सगळ्या यंत्रांवर चढवली.

सगळीकडे असं होत नाही. त्यानंतर महिनाभरातच जावा या दुसऱ्या मोठ्या भाषेत जवळजवळ तीच संख्या, शेवटी ११ ऐवजी १२, दिल्यावर तोच प्रकार होतो असं उघड झालं. तिथे यंत्राचा दोष नव्हता, सगळ्याच यंत्रांवर व्हायचं. लाज वाटावी अशी गोष्ट पुढेच आहे. ही तक्रार २००१ पासून फाईलमध्ये होती. जगभर बोभाटा झाल्यावर फेब्रुवारी २०११ मध्ये दुरुस्ती निघाली.

बारीक फरकाचं मोठं काय होतं हे कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराने पाहिलेलं आहे. १९८२ च्या जानेवारीत त्यांनी नवा निर्देशांक १००० पासून सुरू केला. दर व्यवहारानंतर तो पुन्हा मोजायचा आणि तीन दशांशांपुढचं छाटून टाकायचं. दर वेळी हजारांश भागाहून कमी. बावीस महिन्यांत बाजार तेजीत असताना निर्देशांक ५२० च्या आसपास आला. हिशेब नीट केल्यावर तो १०९८ च्या वर निघाला. तिथे निदान कोणाला मेमो मिळाला नाही.

ब्रिटनमध्ये जे झालं ते मात्र वाचवत नाही. तिथल्या पोस्टाने १९९९ पासून होरायझन नावाची हिशेबाची संगणक प्रणाली गावोगावच्या पोस्टांत बसवली. ही पोस्टं चालवणारे बरेचसे किरकोळ दुकानदार, त्यांत आपल्याकडून गेलेली कुटुंबंही पुष्कळ. प्रणाली तुटी दाखवू लागली. ज्याच्या गल्ल्यावर तूट त्याने भरायची. भरली नाही तर चोर. सरे परगण्यात वेस्ट बायफ्लीटचं पोस्ट चालवणाऱ्या सीमा मिश्रा या भारतीय वंशाच्या बाईंवर चौऱ्याहत्तर हजार पौंडांच्या चोरीचा आरोप ठेवला गेला. कॉम्प्युटर चुकतोय, असं त्या सांगत राहिल्या. नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांना पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या गरोदर होत्या आणि तो त्यांच्या थोरल्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. पीएचपीची चूक आठ दिवसांत दुरुस्त झाली ती यानंतर दोनच महिन्यांनी. होरायझनमधले दोष न्यायालयाने मान्य केले ते २०१९ च्या डिसेंबरात. मिश्राबाईंची शिक्षा रद्द व्हायला एप्रिल २०२१ उजाडला, आणि बाकीच्या शेकडो जणांना एकदम दोषमुक्त करण्यासाठी २०२४ साली संसदेला खास कायदा करावा लागला. एकूण नऊशेहून जास्त माणसं दोषी ठरली होती. काहींनी जीव दिला.

कॉम्प्युटर नीट चालत होता हे दाखवण्याची जुनी अट तिथे १९९९ च्या एका कायद्याने काढून टाकली होती. उलट पुरावा येईपर्यंत यंत्र बरोबरच धरायचं. आता गावातल्या पोस्टमास्तरीणबाई उलट पुरावा कुठून आणणार? यंत्राचं पोट त्यांना उघडता येत नाही, त्यातला मजकूर त्यांना दाखवला जात नाही.

आपल्याकडचा कायदा यापेक्षा बरा आहे असं म्हणावं, तर मी स्वतः त्या सह्या केल्या आहेत. २००० साली पुराव्याच्या कायद्यात ६५ ब हे कलम आलं. कॉम्प्युटरमधला उतारा न्यायालयात द्यायचा तर त्या काळात कॉम्प्युटर व्यवस्थित चालू होता, अशा अर्थाचं प्रमाणपत्र जोडायचं. २०१९ ला निवृत्त होईपर्यंत मी अशी किती प्रमाणपत्रं दिली असतील कोण जाणे. थकीत कर्जाच्या दाव्यात वकील छापील नमुना पाठवी, मी सही करून शिक्का मारी. कॉम्प्युटर व्यवस्थित चालू होता, म्हणजे काय? पडदा लागत होता, कागद छापून येत होता. आतला हिशेब कोण तपासतो? १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला, त्यात प्रमाणपत्रावर तज्ज्ञाचीही सही लागते. चांगलं आहे. पण तो तज्ज्ञ उतारा मुळाबरहुकूम आहे एवढं सांगणार असेल आणि मुळातच नऊ रुपये सुटले असतील, तर खातेदाराने कुठे जायचं? माझ्या मते कर्जदार किंवा कर्मचारी यंत्राचा आकडा चूक म्हणतो तेव्हा यंत्राच्या तक्रारवहीची पानं त्याला पाहायला मिळाली पाहिजेत. तशा तक्रारी इतरत्र आल्या होत्या का, कोणत्या शाखेत, कोणत्या यंत्रावर, दुरुस्ती कधी केली. वही असतेच. ती दाखवायची नसते, एवढंच. बँकांचे लोक म्हणतील, मग प्रत्येक जण उठून यंत्रावर ढकलेल. ढकलू देत. तपासायला आठ दिवस लागतात, हे आपण आत्ताच पाहिलं.

दिवाळीनंतर मी मिरजेला जाऊन अण्णांना भेटलो. ऐंशी वर्षांचे आहेत. कानाने कमी ऐकू येतं, आकडा मात्र तसाच. भाच्याने कागदावर काढून दिलेलं सगळं मी मोठ्याने समजावून सांगितलं. डोक्यातला आकडा, लेजरातला आकडा, नवांची रांग. त्यांनी मधेच थांबवून विचारलं, "म्हणजे बत्तीस चढले आणि नऊ पडले ते त्या त्या रकमेवर अवलंबून?" मी हो म्हटलं. "तरीच," ते म्हणाले, "मला तेवढंच लागलेलं नव्हतं."

मग उठून आतल्या कपाटातून त्यांनी एक फाईल आणली. पेन्शनचे कागद, एल.आय.सी.च्या पावत्या, आणि त्यांच्या खाली माझा मेमो. चौतीस वर्षांच्या घड्या पडलेला. माझं ते चांगलं जमलेलं वाक्य मी पुन्हा वाचलं.

"यावर तेवढं लिहून द्या," अण्णा म्हणाले.

"अण्णा, मी आता निवृत्त माणूस. याला कुठे काही किंमत नाही."

"मला माहीत आहे, साहेब. लिहून द्या."

मी मराठीत लिहिलं, की सदर फरक यंत्रातील होता, कर्मचाऱ्याचा हिशेब बरोबर होता, आणि असहकाराच्या आरोपाला आधार नव्हता. खाली सही केली. अण्णांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि कागद माझ्याकडे परत सरकवला.

"तारीख राहिली," ते म्हणाले.